इंजेक्शननंतरचा तास

साल १८९५. आश्विन लागलाय, कपाशीची बोंडं फुटायला आली आहेत, आणि तुम्ही वर्धा स्टेशनच्या फलाटावर धाकट्या भावाचं मनगट धरून उभे आहात. मनगटाभोवती सुंभ आहे. सुंभाखालचं कातडं सोललंय, कारण गाडीत बसवण्याआधी तो कितीतरी दिवस गोठ्यातल्या खांबाला बांधलेला होता. बापाने सांगितलं आणि तुम्ही बांधलं. त्याला झोप नव्हती, बोलणं थांबत नव्हतं, आणि एका रात्री विळा उचलून तो आईच्या अंगावर धावला. भगत झाला, उतारा झाला, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्यात नेऊन आणलं. शेवटी मालगुजाराने पोलिसांत वर्दी दिली. १८५८ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं, सरकारी डॉक्टरने दाखला लिहिला, आणि आता एक शिपाई, तुम्ही आणि तो असे तिघं नागपूरला निघालात.

"दादा, सोड ना मले," तो म्हणतो. "मी कोठी नाही पळून जात."

तुम्ही सोडत नाही. आजपासून पुढची सव्वाशे वर्षं तुम्ही जिथं उतराल तिथं तुमच्या वाट्याला हेच काम आहे. तुम्ही धरणाऱ्यांपैकी एक.

नागपूरचं वेड्यांचं इस्पितळ १८६४ पासूनचं. फाटकाबाहेर गर्दी दिसते, आणि ती गर्दी रुग्णांच्या नातेवाइकांची नाही. हार, मिठाई, उदबत्त्या घेऊन माणसं बसली आहेत. आत ताजुद्दीन नावाचे एक गृहस्थ आहेत. १८९२ मध्ये कामठीहून त्यांना इथं आणलं. सरकारच्या लेखी ते वेडे, रांगेतल्या माणसांच्या लेखी अवलिया. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात घेऊन जातील, आणि ताजुद्दीन बाबा हे नाव साऱ्या मध्य हिंदुस्थानात होईल. पण आज ते सोळा वर्षांच्या मुक्कामातल्या चौथ्या वर्षी आहेत, आणि तुमच्या भावासाठी फाटकाबाहेर कोणी हार घेऊन बसलेलं नाही.

कंपाउंडरच्या कपाटाशी तुम्हाला क्षणभर थांबू देतात. त्या काळातल्या डॉक्टरपाशी खवळलेल्या माणसासाठी जे होतं ते सगळं एका फळीवर मावतं. पोटॅशियम ब्रोमाइड. क्लोरल हायड्रेट, १८६९ पासून झोपेसाठी वापरात आलेलं. आणि पॅराल्डिहाइड, १८८२ चं, ज्याचा वास दुसऱ्या दिवशीही रुग्णाच्या श्वासाला येतो, इतका की वॉर्डात शिरताच कोणाला काल औषध पाजलं ते कळावं. तिन्ही झोप आणतात. पण ब्रोमाइड शरीरातून बाहेर पडायला फार वेळ घेतं; निम्मं उतरायलाच बारा दिवसांच्या आसपास लागतात. रोजचा डोस रोज साठत जातो आणि काही आठवड्यांनी ब्रोमाइडच माणसाला भ्रमिष्ट करतं. मग तो पुन्हा आरडाओरड करतो, आणि आजार बळावला असं समजून आणखी ब्रोमाइड पाजलं जातं.

भावाला क्लोरल पाजतात. तो चरफडतो, ओकारी काढतो, गिळतो. काही वेळाने त्याचे खांदे ढिले पडतात, आणि तुमच्या लक्षात येतं की गेल्या कित्येक दिवसांत तुम्ही पहिल्यांदा त्याचं मनगट सोडलंय.

"आता याच्यापाशी कोण बसेल?" तुम्ही विचारता.

प्रश्न कोणालाच नीट कळत नाही. झोपलेल्या माणसापाशी कशाला बसायचं? वॉर्डातली थोडीशी माणसं जागे असणाऱ्यांना पुरत नाहीत. शिपाई पावती घेतो. परतीच्या गाडीत तुम्ही एकटेच बसता.

पुढचा मुक्काम १९४५, सेवाग्राम. म्हणजे पूर्वीचं शेगाव. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले आणि १९४० मध्ये गावाचं नाव बदललं. कस्तुरबा जाऊन वर्ष झालंय. त्यांच्या नावाचा छोटासा दवाखाना डॉक्टर सुशीला नय्यर यांनी नुकताच सुरू केला आहे, पाहुण्यांसाठी बिर्लांनी बांधलेल्या घरात, बायका आणि मुलांपुरता. वेड्यांसाठी इथं काही नाही. आश्रमातली पद्धत पोटावर आणि कपाळावर मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उपास, मोकळी हवा अशी. या वेळी तुम्ही एका विधवेचे दीर आहात, आणि ती तीन दिवसांपासून कपडे फाडतेय. तुम्ही तिच्यासाठी वर्ध्याच्या बाजारातून वैद्याने सांगितलेलं मूळ आणलंय. बोटाएवढं जाड, मातकट, चवीला कडूजहर. सर्पगंधा.

हे मूळ हातात घेऊन थोडं थांबा. बिहारात खेड्यापाड्यांत त्याला पागल की दवा म्हणतात. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वैद्यकीय मासिकात छापून सांगितलं की याच्या भुकटीने वेडाचे झटके शांत होतात आणि रक्तदाबही उतरतो. इंग्रजी वैद्यकाने ते वाचून बाजूला ठेवलं. मुंबईच्या रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात लिहिलं तेव्हा कुठे जगाने मान वळवली. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळातून रिसर्पिन वेगळं केलं, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते आपल्या रुग्णांना देऊन निष्कर्ष मांडले. मेंदूतली रसायनं आणि मनाचे आजार यांच्या संबंधाबद्दल आज शाळेतली मुलंही बोलतात. त्या विचाराच्या पायात हे मूळ आहे, कारण रिसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करतं हे १९५५ च्या सुमारास दिसलं आणि तिथून शोध सुरू झाले. मला याचा अभिमान वाटतो, आणि एक हळहळही. ज्यांनी ते मूळ पिढ्यान्‌पिढ्या उगाळून पाजलं त्यांची नावं कुठल्याच मासिकात नाहीत.

पण या घटकेला तुमच्यासमोर कपडे फाडणारी वहिनी आहे, आणि सर्पगंधाला घाई नाही. आज दिलेलं मूळ काही दिवसांनी लागू पडतं. आजची रात्र त्याच्याने निभत नाही. लागू पडतं तेव्हा रक्तदाब खाली जातो, नाक चोंदतं, आणि काहींच्या मनावर असं मळभ येतं की दंगा बरा होता असं घरच्यांना वाटावं. एक गोष्ट मात्र इथं वेगळी घडते. औषध सावकाश असल्यामुळे कोणालातरी बसावंच लागतं. तुमची म्हातारी आई अंगणात तिच्याजवळ चटई टाकते आणि उठत नाही.

आता झपाट्याने चला, कारण १९५० नंतरची सात-आठ वर्षं विलक्षण वेगाची आहेत. ११ डिसेंबर १९५० रोजी फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीत पॉल शारपांतिए यांनी क्लोरप्रोमझिन तयार केलं. शस्त्रक्रियेच्या रुग्णांना ते देताना आंरी लाबोरी या सर्जनला दिसलं की माणूस जागा असतो, पण कशाची पर्वा करेनासा होतो. १९५२ मध्ये झां दले आणि पिएर दनिकेर यांनी पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात खवळलेल्या मनोरुग्णांना ते दिलं, आणि जिथं कायम ओरडा असायचा ते वॉर्ड शांत झाले. ११ फेब्रुवारी १९५८ रोजी बेल्जियमच्या बेर्से गावात पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल जन्माला आलं. ते डोपामिन जिथं बसतं ती जागा अडवतं. काही मिलिग्रॅम पुरतात, आणि दंडात किंवा कुल्ल्यात टोचलं की काही मिनिटांत असर दिसू लागतो. विळा घेऊन धावणाऱ्या माणसाला दोन-तीन तासांत बोलण्याइतकं ताळ्यावर आणता येईल असं औषध माणसाच्या हाती आलं ते इथं.

इथून उतरा ते २००३ च्या मे महिन्यात. वर्ध्याचं ऊन पंचेचाळीसच्या वर गेलंय. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेलं मेडिकल कॉलेज आहे, देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं. सावंगीला दुसरं आहे. तुम्ही जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नव्याने लागलेले डॉक्टर आहात. रात्रीचे अकरा. हाडांच्या वॉर्डातून निरोप येतो: बैलबंडीवरून पडून मांडी मोडलेला माणूस तिसऱ्या रात्री बिथरलाय. वजन लावलेला पाय ओढतोय, सलाइन उपटून टाकलंय, चादरीवरच्या मुंग्या वेचतोय. मुंग्या नाहीत. मध्येच तो बैलांना हाकारतो. दोन भाऊ त्याला खाटेला दाबून बसलेत.

"बाहेरचं हाये सायेब," एक भाऊ म्हणतो. "थ्या नाल्यावर बंडी उलटली न, तेथचंच लागलं."

तुमच्या तोंडून सवयीने निघतं, "सेरेनेस-फेनर्गन भरा." भारतातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत हे एका दमात म्हणतात, हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन, दोन बाजारी नावं जोडून. सिस्टर मात्र हलत नाहीत. त्या रुग्णाचा तळहात उलटा करून तुम्हाला दाखवतात. हात थरथरतोय, घामाने निथळतोय. नाडी १३०. मग त्या त्याच्या बायकोला बाहेर, पाण्याच्या माठाजवळ घेऊन जातात. तुम्ही मागे उभे राहता.

"पेते का ते?"

"नाही जी. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाये न."

सिस्टर गप्प राहतात. बाई पदर तोंडाशी नेते.

"बंद कवापासून हाये?" सिस्टर विचारतात.

"पडले तवापासून."

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गांधीजींच्या कर्मभूमीचा मान म्हणून. मोहाची काढतात, शेजारच्या जिल्ह्यातून आणतात, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पण दवाखान्याच्या केसपेपरवर 'पितो' हे लिहून घ्यायला इथला माणूस जास्त कचरतो, कारण तो व्यसनाबरोबर गुन्हाही कबूल करत असतो. म्हणून तिसऱ्या रात्री हे असं येतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन ते चार दिवसांत हा भ्रम होतो, सोबत घाम, थरथर, ताप, कधी फेफरं. यात नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर फेफरं यायची शक्यता वाढते, मूळ त्रास मात्र तसाच राहतो. याला हवंय लोराझेपाम किंवा डायझेपाम. मेंदूवरचा जो लगाम आजवर दारूने धरला होता आणि ती तुटताच सुटला, तो ही औषधं काही काळ पुन्हा धरतात. आणि ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन, म्हणजे ब-एक जीवनसत्त्व, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

लोराझेपामच्या कुप्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, दोन ते आठ अंशांत. मे महिना, लोडशेडिंग, आणि फ्रिजचा दिवा बंद. ग्रामीण महाराष्ट्रात कुठलं औषध चांगलं हा प्रश्न पुष्कळदा असा सुटतो. तुम्ही डायझेपाम शिरेतून अगदी सावकाश देता, स्नायूत टोचत नाही, कारण स्नायूतून ते कधी शोषलं जातं, कधी नाही. पाच मिलिग्रॅम. थांबता. पुन्हा. भावांचे हात ढिले होतात.

आणि आता सिस्टर स्टूल ओढून बसतात. दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजतात, नाडी, रक्तदाब, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन. तुम्हीही बसता. कारण झोपेचं औषध देताना श्वास मंदावू शकतो, जीभ मागे पडू शकते, आणि मुख्य म्हणजे आता कुठे या माणसाला तपासता येतंय. डोक्याला मार आहे का, साखर उतरलीय का, ताप कशाचा. खवळलेल्या माणसाची तपासणी होत नाही. औषधाने ती शक्य होते. ती न करता जो डॉक्टर झोपलेल्या रुग्णाकडे पाठ फिरवतो त्याने अर्धंच काम केलेलं असतं, आणि धोकादायक अर्धं.

त्याच रात्री मेडिसिन वॉर्डात दुसरा एक तरुण असाच हवेत काहीतरी पकडतोय. फवारणीचं औषध पिऊन आलेला. विदर्भात हे दृश्य कोणत्याही डॉक्टरला नवं नाही, आणि त्याबद्दल बोलताना अजूनही माझा गळा दाटतो. त्याला विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू आहे. तुम्ही आता शिकलात. तुम्ही आधी हात लावता. हा हात कोरडा आहे, तापलेला, आणि बाहुल्या मोठ्या. ॲट्रोपिन गरजेपेक्षा जास्त झालंय. इथं फेनर्गन टोचलं असतं तर आगीत तेल पडलं असतं, कारण तेही शरीर असंच कोरडं करतं. ॲट्रोपिनचा वेग कमी करायचा, थोडं डायझेपाम, आणि पुन्हा बसायचं. एका रात्रीत दोन माणसं, तोच थयथयाट, आणि औषध कोणतं हे तळहात ओला की कोरडा यावर ठरतं.

मग सेरेनेस-फेनर्गन कशासाठी? त्याचं उत्तर शोधायला फार कोणी निघालं नव्हतं. रोज लाखो सुया टोचल्या जात होत्या, त्या मानाने पुरावा तोकडा होता. ब्राझीलमध्ये रिओच्या मनोरुग्णालयांत आणि आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये प्रताप थरियन आणि सहकाऱ्यांनी तो गोळा केला. २००४ मध्ये वेल्लोरचे आकडे आले: २०० खवळलेले रुग्ण, निम्म्यांना लोराझेपाम, निम्म्यांना ही जोडी. चार तासांनी दोन्हीकडे ९६ टक्के शांत किंवा झोपलेले. पण जोडी घेतलेल्यांपैकी ७६ टक्के झोपले होते, लोराझेपामवाले ४५ टक्के. पुढे ३०० रुग्णांत महागड्या ओलान्झपिनशी तुलना झाली. तेही चाललं, पण चार तासांत ४३ टक्क्यांना पुन्हा काहीतरी द्यावं लागलं, जोडीच्या गटात २१ टक्क्यांना. रिओत ३१६ रुग्णांवर एकटं हॅलोपेरिडॉल आणि जोडी ताडून पाहिली. एकट्या हॅलोपेरिडॉलवर दहा जणांना स्नायूंचा तीव्र आकडा आला, जोडीवर एकालाही नाही. ज्यांना फ्रिज लागत नाही, जी कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतात, अशी दोन जुनी स्वस्त औषधं एकत्र उभी राहिली तर नव्यांना हार जात नाहीत, हे गरीब देशांतल्या डॉक्टरांनी स्वतः मोजून दाखवलं. हे संशोधन म्हणजे आपल्या खेड्यातल्या रुग्णाला दिलेला मोठा मान आहे असं मी समजतो.

शेवटचा मुक्काम २०२३, आर्वी तालुक्यातलं एक गाव. तुम्ही पुन्हा थोरले भाऊ आहात. धाकट्याने उन्हाळ्यात गोळ्या सोडल्या, आता आठवडाभर झोप नाही, काल टीव्ही फोडला. शेजारी दोर घेऊन आलाय.

दोर परत पाठवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी घातली. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत २८ माणसं जळून मेली. त्यांना पळता आलं नाही, कारण ती बांधलेली होती. दोर म्हणजे साखळी नव्हे असं शेजारी म्हणेल. आग लागल्यावर फरक पडत नाही.

तुम्ही १४४१६ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करता, मग १०८ ची रुग्णवाहिका बोलावता. प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण अंगणातच, हाताच्या अंतराच्या बाहेर, दरवाजा मोकळा ठेवून बसते. आवाज खाली. "भाऊ, आठ दिवस झोपले नाही तुम्ही. गोळी घेता का सुई?" तो गोळी घेतो आणि थुंकतो. ती थांबते, पुन्हा विचारते. तो वीट उचलतो. कायद्याचं ९४ वं कलम अशा वेळी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला उपचाराची मुभा देतं, जास्तीत जास्त ७२ तासांपुरती, आणि विजेचा झटका त्यात बसत नाही. ती माणसं वाटून देते, एकेका हातापायाला एकेक. "पालथं नाही पाडायचं. छातीवर कोणी बसायचं नाही."

तुमच्या वाट्याला उजवं मनगट येतं.

"थांबा," तुमची बायको म्हणते. "मागच्या साली नुसत्या एका सुईनं मान वाकडी झाली होती यायची. डोळे वर गेले होते. आम्ही तर देवऋषी बोलावला." डॉक्टरीण सुई खाली करते. कोणती सुई? कागद नाही. तिने ओळखलंय, एकट्या हॅलोपेरिडॉलचा आकडा असणार; तोच, जो रिओत दहा जणांना आला. ती हॅलोपेरिडॉल कमी करते, प्रोमेथाझिन पूर्ण घेते, आणि दोन्ही कुप्या बायकोला वाचायला देते.

सुई टोचल्यावर माणसं पांगतात. तुम्ही हातपाय धुवायला विहिरीवर जाता, अंगाचा थरकाप जात नाही. परत येता तेव्हा बायको त्याच्या उशाशी आहे. डॉक्टरणीने शिकवल्याप्रमाणे एका कुशीवर केलंय, छाती वरखाली होते ती मोजतेय, आणि पाठकोऱ्या कागदावर दर पंधरा मिनिटांचा आकडा लिहितेय.

तो दुसऱ्या सकाळी सेवाग्रामच्या वॉर्डात जागा होतो. तोंड कोरडं, हात जड. "काय टोचलं मले?" विचारतो. बायको कागद काढून वाचते, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी. तो दोनदा वाचायला लावतो. मानेचं घडलं होतं तेही त्यात लिहून घ्यायला सांगतो.

दहा दिवसांनी, सुट्टी मिळायच्या वेळी, डॉक्टर समजावतात की पुढे कधी तुम्ही सांगण्याच्या स्थितीत नसाल तर तुमच्या वतीने कोणी बोलायचं ते तुम्ही आताच ठरवू शकता. साध्या कागदावर नाव आणि खाली सही, बस. तुम्ही खिशातून पेन काढून देता. नाव तुमचंच असणार हे तुम्ही गृहीत धरलेलं आहे. थोरला भाऊ, खर्च तुम्ही केलेला, धावपळ तुम्ही केलेली.

"दादा, राग नको मानू," तो म्हणतो. "वयनीचं लिवतो. तू त मले धरतं. वयनी बसली होती."

तो नाव लिहितो, आणि कागद तुमच्याकडे न देता तिच्याकडे देतो.